पोटातल्याच्या नावानं

द्वारकाक्काची पात रिकामी होती, अन् ती कुणीच धरीना.

कापूस वेचायला उभ्या राहिलो का आमच्या आळीतल्या बायकांच्या पाती ठरलेल्या. कडंची आशाबाईची, मंग द्वारकाक्काची, मंग माही. सालोसाल तसंच. आता द्वारकाक्का सरपंचाला उभी राहिली म्हणून मालकानं तिला रानात पाय ठेवायची मनाई केली, तं तिच्या पातीवरचा कापूस बोंडातून लोंबून मातीत चालला होता. इटाळ झाल्यावानी बायका तिकडं हात घालीनात.

"धरा ना गं कुणीतरी," मी म्हणलं.

"तूच धर," आशाबाई म्हणली. "तुहीच लई मैत्रीण हाय ती."

मी बी नाय धरली. खोटं कशाला बोलू, भेव वाटलं. वाळल्या बोंडाची टोकं नखात घुसत होती, वटी भरून कंबरंला ओढत होती, अन् ऊन असं का नवंबर सरला म्हणावं का नाय. वरून प्यायला पाणी नाय. रोज मालकाच्या ट्रॅक्टरवर पाण्याचा डरम यायचा. द्वारकाक्कानं अर्ज भरल्यापासून डरम बंद, अन् आम्हाला न्यायला-आणायला येणारा ट्रॅक्टर बी बंद. कुणी काही बोललं नाय, कुणी शिवी दिली नाय. नुसतं पाणी बंद झालं.

औंदा सरपंचपद बाईला सुटलं होतं. मालक म्हणजे इंद्रजीतराव. त्यांच्या बापापासून सरपंचकी त्यांच्याच घरात. बाईला सुटलं तं त्यांनी बायकोला उभं केलं, तनुजावहिनीला. वहिनी वाईट नाय, हसून बोलती. पर ती ऱ्हाती संभाजीनगरला, अन् आमची आळी ओढ्याच्या कोणत्या अंगाला हाय ते बी तिला धड माहीत नाय.

अन् सगळं भांडण त्याच आळीच्या वाटंचं. आमच्या आळीतून डांबरी सडकंला जायला एक गाडीवाट होती, मालकाच्या रानातून. आज्या-पंज्यापासूनची. मालकानं ती नांगरून कापूस लावला. म्हणले, सातबारा बघा, वाट कुठं हाय त्याच्यात? मंग ह्या पावसाळ्यात आशाबाईच्या सुनंला कळा आल्या. दवाखान्याची गाडी सडकंवर उभी, अन् आम्ही तिला बाजेवर टाकून चिखलातून नेलं. बांधावरच बाळंत झाली. लेकरू रडलंच नाय. तव्हा द्वारकाक्का चिखलात बसून म्हणली होती, "ह्या वाटंपायी मी उभी ऱ्हाते, मंग काय व्हायचं ते व्हवो."

आता माही रूपा बाळंतपणाला आली होती. पहिलटकरीण. पाय सुजून खांबावानी झालेले. लासूर स्टेशनच्या डॉक्टरनीनं बजावलं होतं, डोकं दुखलं, डोळ्याम्होरं अंधारलं, तं उगं घरी बसू नका, तसंच उचलून आणा.

उचलून आणायला वाट कुठं हाय, बाई? मी मनातच म्हणलं.

दुपारच्याला मालक बांधावर आले. गाडीवरून उतरले नाय.

"सांजच्याला सगळ्यांनी खंडोबाच्या देवळात यायचं," ते म्हणले. "संभाजीनगरच्या साताऱ्याहून भंडारा आणलाय."

आशाबाईच्या हातातलं बोंड खाली पडलं. भंडारा कशाला आणलाय ते आमच्या गावात शेंबड्या पोराला बी ठाऊक हाय. बेल-भंडारा हातात घ्यायचा, अमक्यालाच मत देईन म्हणायचं, अन् कपाळाला लावायचा. एकदा उचलला का देव मधी आला. मोडला तं घरातलं माणूस जातं.

अन् जातं म्हणजे जातंच. आमच्या घरातलंच गेलंय.

माही सासू भागूबाई. तिचा थोरला, काशिनाथ, लेकरूच होता, तव्हा गावात पंचायतीची निवडणूक झाली. इंद्रजीतरावाच्या बापानं आळीला भंडारा उचलायला लावला, अन् तरी बी आळीची मतं फुटली अन् तेवढ्या खेपंला म्हातारा पडला. हप्ता उलटायच्या आत काशिनाथाला ताप भरला, झटके आले, अन् गेला. गाव म्हणलं, भागूनं भंडारा मोडला. तेव्हापासून कुणी शपथ घ्यायला कांकूं केलं का लोक म्हणायचे, भागूबाईकडं बघा. माही सासू हे सारं ऐकायची अन् खाली मान घालून भाकरी थापायची. कधी व्हय म्हणली नाय, कधी नाय म्हणली नाय.

सांजच्याला देवळात गेलो. ताटात भंडारा, वर बेलाची पानं. म्होरं मालक मांडी घालून. रूपाचे वडील मालकाच्या पाठीमागं उभे. मी त्यांचं नाव घेत नाय, पर गाव त्यांना फकिरा म्हणतं. मालकाकडं सालगडी हायेत ते. हात बांधून असे उभे जसं काय त्यांच्यावरच खटला चाललाय.

एकेक बाई जायची, पिवळी व्हऊन यायची. आशाबाई गेली. जिची नात त्या बांधावर मेली ती आशाबाई. तिनं बी उचलला. "छत्रीलाच दाबीन," म्हणली. आवाज निघत नव्हता तं मालक म्हणले, "देवाला ऐकू जाऊ दे की!" तिनं पुन्हा म्हणलं. छत्री म्हणजे तनुजावहिनीची निशाणी. द्वारकाक्काची कपबशी.

माही पाळी आली तं रूपा बी उठाया लागली. तिचं मताचं नाव अजून माहेरीच हाय, सासरी हलवलं नाय.

"तू बस, रूपाताई," मालक लई मायेनं म्हणले. "गरवार बाईनं भंडारा उचलू नाय. सुरेखा, हिच्या वाटचा बी तूच उचल." मंग थांबून म्हणले, "पोटातल्याच्या नावानं."

मी रूपाच्या वडिलांकडं बघितलं. ते पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते. पोरीच्या पोटावर कुणी शपथ घालतं व्हय? पर देवाम्होरं ताट, भवताली सारं गाव, अन् उद्यापासून ह्या माणसाच्या रानात काम. मी हात घातला. भंडारा गार होता. मी म्हणले, "छत्रीलाच दाबीन. माहं अन् रूपाचं. पोटातल्याच्या नावानं."

माह्या तोंडातून ते निघालं अन् मला वाटलं, ह्या जिभंला आता कुठं ठेवू.

घरी आलो. रूपा चुलीपाशी पाय लांब करून बसली. तिला मताचं लई कवतिक होतं. पहिलंच मत. हसत इचारायला लागली, "आजी, तुम्ही पहिल्यांदा मत दिलं तव्हा कुणाला दिलं?"

"तसं सांगायचं नसतं," म्हातारी म्हणली.

"आता काय व्हतंय सांगितलं तं!"

म्हातारीनं भाकर उलथली. "माह्या सासूचं ऐक. निजामाच्या राजात गरिबाला मत कुठं होतं? निजाम गेला, मंग म्हणले आता बायांनाबी मत. नावं लिहायला माणूस दारात आला. इचारलं, बाई नाव काय? सासू पदराआडून म्हणली, लिहा सोपानाची माय. नवऱ्याचं नाव इचारलं तं तोंडात मारल्यावानी गप बसली. नवऱ्याचं नाव कसं घ्यावं बाईनं? तो मनुष्य म्हणला, अशानं काय नाव लागत नसतंय. अन् नाय लागलं. पहिलं मत तिचं असं गेलं. मरेपोतर म्हणायची, नाव घेतलं असतं तं काय नवरा मेला असता?"

"अन् तुमचं?"

"माहं नाव लागलं. पर पहिल्या खेपंला आमच्या बायांचे हात धरून तलाठ्याच्या माणसानंच शिक्के मारले. तुमाला कळत नाय म्हणला." ती थांबली. "मंग पुढल्या खेपंला कुणी हात धरला नाय. भंडारा आणला."

रूपा हसायची थांबली. मी म्हातारीकडं बघितलं. मला इचारायचं होतं, आत्याबाई, मोडला का हो तुम्ही खरंच? तोंड उघडलं अन् मिटलं. पोटच्या गेलेल्या लेकराचं कसं इचारावं?

रूपाचे वडील जेवताना म्हणले, "गुमान छत्री दाब. पाण्यात राहून माशाशी वैर करू नाय."

"अन् वाट?"

"वाट बघू मंग."

"मंग कव्हा? पोरीला बाजेवर टाकल्यावर?"

ते ताटावरून उठले. माहा राग त्यांच्यावर नव्हता, पर निघाला त्यांच्यावरच.

दुसऱ्या दिवशी द्वारकाक्का आली. दारातच उभी ऱ्हायली. मला वाटलं, आता ही मत मागंल, अन् मी काय सांगू? तिनं पदराखालून वाटीभर तूप काढलं. "रूपाला दे." बास. निघाली.

"आक्का," मी म्हणलं, "मी उचललाय."

"समद्यांनीच उचललाय," ती म्हणली. "मला ठाऊक हाय. तू पोरीकडं बघ." अन् गेली. ती भांडली असती तं बरं झालं असतं.

मतदानाच्या दिवशी रूपा उठली तीच डोकं धरून.

"लई दुखतंय का?"

"थोडंसं. आई, तुम्ही जाऊन या, मंग मी जाते. माहं पहिलं मत हाय." हसायला गेली, पर डोळे बारीक केले, उजेड सहन होईना.

अजून तं मी काही मोडलं बी नव्हतं. नुसतं मनात आणलं होतं. मनातलं बी कळतं का देवाला? रातभर मी वाटंचाच इचार केला होता, अन् हे डोकं दुखाया लागलं. मी ठरवलं, छत्री. छत्रीच दाबायची. वाट गेली खड्ड्यात. माहं लेकरू राहू दे.

शाळंच्या फाटकाबाहेरपोतर बायकांची रांग. पल्याड झाडाखाली मालक खुर्ची टाकून बसलेले. प्रत्येक बाईकडं बघून हसत होते. हसण्यानं माणूस इतकं भेतं हे मला त्या दिवशी कळलं. मधून बोलायचे, "आळीची पेटी येगळी मोजत्यात बरं का. किती छत्र्या पडल्या अन् किती कपबशा, समदं कळतं." आशाबाई माह्या म्होरं होती, तिच्या मानंवरून घाम वाहत होता. माह्या पाठीमागं सासू, काठी टेकून.

मालकाचं ध्यान तिच्याकडं गेलं.

"भागूआजी! तुम्ही आलात व्हय? बरं झालं. सांगा ह्या पोरींना, भंडारा मोडला तं काय व्हतं."

मला वाटलं, म्हातारी नेहमीवानी मान खाली घालंल. तिनं काठी आपटली.

"सांगते," ती म्हणली. "म्या मोडला नव्हता, इंद्रजीत."

मालकाला कुणी नुसतं इंद्रजीत म्हणलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"तुह्या बापाच्या चित्रावरच शिक्का मारला म्या. भेत भेत, अगदी मधोमध मारला. घरी आले तं काशिनाथ अंगणात खेळत होता. म्या म्हणलं, वाचला माहा लेक. अन् आठ दिसांत गेला. पाळून बी गेला." तिचा आवाज फाटला. "ऐकलं का गं बायांनो? पाळून बी गेला."

मालक हसले, पर हसू तोंडावर नीट बसंना. "आजी, आता कोण बघायला जातंय कुठं शिक्का मारला होता ते."

"तव्हा बी कुणी बघितलं नव्हतं," म्हातारी म्हणली. "तरी तुमी गावभर सांगितलंच ना?"

एक शिपाई आला अन् म्हणला, बडबड करू नका, रांग धरा. रांग म्होरं सरकली.

आत गेले. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. छत्री वर होती, कपबशी खाली. एवढ्याशा जागंत मी एकटी. सासू नाय, नवरा नाय, मालक नाय. जल्मात इतकी एकटी मी कधी नव्हते, न्हाणीत सुदीक नाय. मला काशिनाथ दिसाया लागला, ज्याला मी कधी बघितलंच नाय. पाळलं तरी गेला. मंग पाळायचं कशाला? अन् मोडलं अन् रूपाला काही झालं तं? आत्याबाईचा गेला म्हणून माहं वाचंलच असं कुठं हाय?

"बाई, झालं का?" पोलिंगवाला ओरडला.

मी डोळे मिटले नाय. कपबशीम्होरलं बटन दाबलं, मंग मेंबरांची दाबली. मशीन लांब ओरडलं अन् मी इतकी दचकले का आडोशाचा पुठ्ठाच हालला.

भाईर आले तं मालकाकडं बघायची छाती झाली नाय. म्हातारीची वाट बघत थांबले. ती आली, अन् आम्ही अर्ध्या वाटंत असू, तोच रूपाचे वडील समोरून पळत आले. टोपी हातात, तोंडाला फेस.

"रूपाला दिसंना झालंय," ते म्हणले. "कळा बी सुरू झाल्या."

एवढ्यात? अजून तं बोटाची शाई वाळली नव्हती.

ते तसेच उलटे मालकाकडं पळाले, जीप मागायला. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी मागून गेले. मालकानं सगळं ऐकून घेतलं.

"जीपा मतदार आणायला गेल्यात, फकिरा," ते म्हणले. मंग खालच्या आवाजात, "आधी सांग, बायकोनं कुठं दाबलं?"

रूपाच्या वडिलांनी माह्याकडं बघितलं. त्यांना ठाऊक नव्हतं. तरी ते म्हणले, "छत्री, मालक. छत्रीच."

"मंग भेतो कशाला? भंडारा राखंल की."

त्या माणसाचं तोंड मी कधी इसरणार नाय. मालकाचं नाय म्हणत, माह्या नवऱ्याचं. टोपी तशीच हातात. मंग त्यांनी ती डोक्यावर घातली अन् घराकडं पळाले.

दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. डायवर म्हणला, सडकंवर येतो, आत वाट नाय. ते आम्हाला काय नवं व्हतं?

रूपाचे वडील गाडी थोपवायला सडकंकडं पळाले, अन् रूपाला आम्ही बाजेवर टाकलं. अंग फणफणत नव्हतं, पर दात आवळत होती अन् डोळे उघडे असून माह्याकडं बघत नव्हती. कोण उचलायचं? आळीतले गडी गाड्यांवर अन् बूथवर. बायाच आल्या. आशाबाई आली, बूथवरून उठून द्वारकाक्का आली. तिला पाहून कुणी सरकलं नाय. चौघी बाजेच्या पायाला अन् मी मधी. नांगरलेलं रान, वरून कापसाची पळाटी. ढेकळावर पाय पडला का बाज कलायची अन् रूपा कण्हायची. पळाटीचे खुंट पोटऱ्या फाडत होते. जिथं मी कापूस वेचते तेच रान. द्वारकाक्काची रिकामी पात तुडवत चाललो होतो आम्ही, कापूस पायाखाली.

बाजेच्या लाकडावर बायांची बोटं. प्रत्येकीच्या बोटाला शाई. रूपाचा हात भाईर लोंबत होता, त्याचं बोट तेवढं कोरं.

"आक्का," मी द्वारकाक्काला म्हणले, रडू आवरंना, "मी मोडला गं. कपबशीला दाबलं. माह्यामुळंच झालं हे."

द्वारकाक्कानं बाज सावरली. आशाबाई हुंदका दाबत म्हणली, "म्या बी मोडला." पलीकडची कुणी म्हणली, "म्या बी." कुणालाच त्याचं बरं वाटलं नाय. आता समद्यांचंच पाप त्या एका बाजेवर होतं.

माह्या तोंडातून आपोआप निघाया लागलं, "खंडेराया, माफ कर, चुकले, माफ कर, पोरीला सोड, मला ने..."

पाठीमागून काठीचा फटका माह्या दंडावर बसला. माही सासू. ह्या वयात ढेकळातून पळत आली होती, छाती भात्यावानी वरखाली.

"माफी मागू नको," ती म्हणली.

"आत्याबाई—"

"मागू नको म्हणते ना! काशिनाथ गेला तव्हा मला वाटलं, म्या मोडला म्हणलं तं निदान तो कशानं गेला ते तरी कळतं. म्हणून गप ऱ्हायले. अन् रोज माफी मागितली. हयातभर, न केलेल्याची." तिनं काठी रानात फेकली. "पोरीला झटके यायला लागल्यात. त्याला देव नाय, दवाखाना लागतो. काशिनाथाला बी तोच लागत होता. तव्हा वाट होती, पर दवाखाना नव्हता."

मी बघतच ऱ्हायले.

"बघती काय? पाय उचल!"

आशाबाई धापा टाकत होती. म्हातारीनं तिच्या हातातला बाजेचा पाय घेतला अन् खांद्याला लावला. सडकंवर गाडीचा भोंगा वाजत होता. मी रूपाच्या पोटावर हात ठेवला, आत काही हालतंय का ते बघायला. बाज हालत होती, माहा हात हालत होता, त्यात पोटातलं कोणतं ते काही केल्या कळंना. आम्ही बांधाकडं निघालो.